हवालदारांनी केलेली विरळणी

पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात आप्पासो हवालदारांचं घर आहे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत काढली, नंतर काही वर्षं मिरजेत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर कायमचे गावी आले. आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या घराला आपली फारशी गरज उरलेली नाही. ऊस लीलाबाई बघत होत्या. पाण्याची पाळी, तोडणीची टोळी, भावकीतली लग्नं, सासू-सासऱ्यांची दुखणी, सगळं त्यांनी एकटीनं रेटून नेलेलं. नवरा काही सांगायला आला की त्या "व्हय की" म्हणायच्या आणि काम आपल्या रीतीनंच करायच्या.

घरामागचं परडं तर पुरतं लीलाबाईंचं. मेथी, शेपू, कोथिंबीर, कुंपणावर दोडका आणि एका कडेला वांगी. या वांग्यांचं आळीत नाव होतं. पांढरट हिरव्या अंगावर जांभळ्या रेघा, देठाला बोटात रुतणारे काटे, आणि बी इतकं कोवळं की खाताना कळायचंसुद्धा नाही. बियाणं लीलाबाईंच्या आईकडून आलेलं. दरसाल एखादं-दुसरं फळ त्या झाडावरच पिवळं होऊ द्यायच्या, त्याचं बी धुऊन राखेत घोळून वाळवायच्या आणि गणपतीच्या सुमारास वाफ्यात टाकायच्या. रोपं हाताशी आली की आळीतल्या बायका न्यायला यायच्या. भोगीच्या भाजीत वांगं असायचं ते लीलाबाईंच्याच रोपाचं, असं ठरूनच गेलेलं होतं.

त्या वर्षी लीलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मुलगी शिवांजली मिरजेत दिलेली. ती म्हणाली, दोन्ही डोळे एकापाठोपाठ एक करून घेऊ, तोवर आईनं माझ्याकडंच राहावं. निघायच्या दिवशी लीलाबाई नवऱ्याला वाफ्यापाशी घेऊन गेल्या. बी नुकतंच उगवून दोन पानांवर आलं होतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "लय जणींनी मागून ठेवलंय म्हणून औंदा समदं बी टाकलंय. मागं काय न्हाई ठेवलं. दाट उगवलंय, विरळ करायला लागंल. चार पानांवर आलं की बुटकं, जाड बुडाचं असंल ते ठेवा. लांबुडकं वाढलेलं काढून टाका. उलटं करू नगा."

"अगं व्हय. त्यात काय एवढं," हवालदार म्हणाले. जावयाची गाडी दारात थांबली होती, आणि सामान कसं लावायचं हे ते ड्रायव्हरला हातानं दाखवत होते.

लीलाबाई गेल्या आणि गावी आल्यापासून पहिल्यांदाच हवालदारांच्या ताब्यात काहीतरी आलं. त्यांनी परडं झाडून काढलं. वाफ्याच्या कडा ओल्या मातीनं बांधून सरळ केल्या. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं. रोपं चार पानांवर आली तसे ते पोत्याची घडी टाकून, दुखरा गुडघा लांब करून विरळणीला बसले.

बसले, आणि आठवेना. उंच आणि बुटकं असं काहीतरी ती म्हणाली होती. पण ठेवायचं कुठलं? फोन खिशातच होता. एक बटण दाबलं असतं तर शिवांजलीनं आईच्या कानाला फोन लावला असता. पण बायकोला विचारायचं म्हणजे एवढंही ध्यानात राहिलं नाही असं होणार, मग ती मुलीला सांगणार, जावई ऐकणार. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांची ड्यूटी भरतीच्या मैदानावर असायची. उंचीच्या पट्टीखाली पोरं येऊन उभी राहायची. पट्टीला डोकं लागलं तो आत, न लागलं तो घरी. त्यांना वाटलं, रोपाचं तरी निराळं काय असणार? जे उंच, तेच जोमाचं.

त्यांनी सुतळी बांधून रांगा धरल्या. जाड बुडाची, जमिनीला बिलगलेली बुटकी रोपं एकेक करून उपटली आणि घमेल्यात टाकली. घमेलं उकिरड्यावर पालथं केलं. राहिली ती उंच, नाजूक, फिकट दांड्याची रोपं, एकेका वितीवर एका ओळीत उभी. वाफा असा दिसायला लागला की हवालदारांनी त्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. लीलाबाईंच्या डोळ्याला पट्टी होती. शिवांजलीनं त्यांना सांगितलं, "आई, आबांनी काय झ्याक केलंय गं! परेडच उभी केल्यासारखी दिसाय लागलीय."

"असू दे," लीलाबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

त्याच आठवड्यात परतीचा पाऊस लागला. एका सकाळी हवालदार परड्यात गेले तर मधली रांग आडवी झालेली. त्यांनी खराट्याच्या काड्या मोडून रोपांना टेकू दिले, दोऱ्यानं बांधलं. दुसऱ्या दिवशी टेकू उभे होते आणि रोपं त्यांच्यावर लोंबत होती. मातीलगत दांडा काळा पडून कुजला होता. पाऊस उघडेपर्यंत वाफ्यात नुसत्या काड्या उरल्या. तेव्हा मात्र त्यांना बायकोचं बोलणं शब्द न् शब्द आठवलं. उकिरड्यावर जाऊन त्यांनी काठीनं उकरून पाहिलं. कोंबड्यांनी सगळं केव्हाच विसकटून टाकलं होतं.

संध्याकाळी मिरजेहून फोन आला.

"रोपं कशी हाईत?" लीलाबाईंनी विचारलं.

"झकास हाईत," हवालदार म्हणाले.

हे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण निघून गेल्यावर ते मागं घेता आलं असतं. त्यांनी तब्येतीचं विचारलं, जेवणाचं विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते एस्टीनं पलूसला गेले. गावातलं कुणी भेटू नये म्हणून बाजारपेठेतून न जाता मागच्या रस्त्यानं रोपवाटिकेत पोचले. तिथल्या माणसानं विचारलं, "मामा, वांग्याची जात कंची देऊ?" हवालदारांनी पांढऱ्यावर जांभळ्या रेघा असलेलं मागितलं. तसलं नव्हतं, जांभळंच होतं. त्यांनी ट्रेमधल्या रोपांकडं निरखून पाहिलं. वांग्याचं रोप ते वांग्याचं रोप; पानात काय कळतंय, असं मनाशी म्हणत त्यांनी ट्रे पोत्यात गुंडाळले. घरी येऊन सुतळी धरून वाफा पुन्हा पहिल्यासारखा भरून काढला. प्लॅस्टिकचे ट्रे चुलीत घालायला निघाले होते, पण धूर आणि वास आळीभर गेला असता. मग ते गोठ्याच्या माळ्यावर वैरणीच्या मागं सारले.

लीलाबाई आल्या त्या काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत-धुरात जायचं नाही असं बजावलं होतं. परड्याच्या दारातूनच त्यांनी वाफ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं न्हवतं तुमास्नी जमंल."

हवालदार झारी भरायला निघून गेले. लीलाबाईंना तो त्यांचा भिडस्तपणा वाटला.

मग रोपं न्यायला बायका आल्या. पहिली आली शेजारची बनुबाई. तोंडाची फटकळ, पण लीलाबाईंवर जीव. लीलाबाई पायरीवर बसून राहिल्या. रोपं उपटून, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायचं काम हवालदारांकडं आलं. प्रत्येकीला लीलाबाई तेच सांगत होत्या, "माझ्या आईच्या हातचं बी हाय गं. जपून लावा." आणि हवालदार प्रत्येकीच्या हातात पलूसची रोपं देत होते. बनुबाईनं लेकीसाठी म्हणून अजून थोडी मागितली. तीही त्यांनी दिली. पहिल्या बाईच्या वेळीच सांगून टाकलं असतं तर एका वाफ्याचीच गोष्ट होती. दुसरीच्या वेळी ती थोडी अवघड झाली. शेवटची बाई गेली तेव्हा ते घरात जाऊन लोटीभर पाणी प्यायले आणि पुन्हा परड्यात आलेच नाहीत.

दिवाळीनंतर झाडं फोफावली. लीलाबाईंचे डोळे आता लख्ख झाले होते. एकदा त्या पानं उलटून बघत म्हणाल्या, "औंदा काटा दिसंना कुठं."

"पाऊस लय झाला न्हवं का," हवालदार म्हणाले.

"व्हय?" लीलाबाई म्हणाल्या. पावसाचा आणि काट्याचा काय संबंध, हे काही त्यांना कळलं नसावं. पण माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी सोडून दिलं.

डिसेंबर सरताना पहिलं फळ धरलं. काळंभोर जांभळं, तुळतुळीत, गोटा असावा तसं. अंगावर रेघ नाही. लीलाबाई ते हातात घेऊन कितीतरी वेळ झाडाजवळ उभ्या राहिल्या. मग ओसरीवर आल्या. हवालदार तिथं पेपर वाचत होते.

"आवं, हे कसं झालं असंल?" त्या म्हणाल्या. "बी टाकताना माझ्याच हातनं घोटाळा झाला जणू. डोळं अधू झालं हुतं तवा. दुसरीच पुरचुंडी घेतली असंल मी, आनि आईची केरात गेली असंल."

हवालदारांनी पेपर खाली केला नाही. "आसंल," ते म्हणाले.

"आईनं दिलं हुतं ओ ते," लीलाबाई म्हणाल्या. "इतकी वरसं जपलं, आनि माझ्याच हातानं घालवलं." पदर डोळ्याला लावायला गेल्या आणि डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत असं सांगितलेलं आठवून त्यांनी हात खाली घेतला.

हवालदार पेपर तसाच धरून बसले. समोरची अक्षरं त्यांना दिसत होती, वाचता येत नव्हती. आता बोलावं, आता बोलावं असं म्हणेपर्यंत लीलाबाई उठून आत गेल्या होत्या.

भोगीला आळीतल्या सगळ्या घरांत जांभळीच वांगी चिरली गेली. संक्रांतीला दुपारी लीलाबाईंकडं हळदीकुंकू होतं. सोप्यात सतरंजी अंथरली होती, वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. लीलाबाईंनी बायका बसल्या बसल्याच विषय काढला. म्हणाल्या, "बायांनो, औंदाच्या वांग्यांचं वाईट वाटून घेऊ नगा. माझ्या हातनं बी बदललं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बनुबाईला राहवलं नाही.

"बी बदललं व्हय?" ती म्हणाली. "लीलाबाई, माझा भाऊ पलूसला औषधाच्या दुकानात असतो. त्यानं हवालदारास्नी नर्सरीत रोपांचं ट्रे पोत्यात गुंडाळताना बघितलंय. इकतची रोपं आमास्नी वाटली, आनि वर सांगितलंसा आईच्या हातचं बी म्हणून. आमी काय मागाय आलतो का तुमच्याकडं बळजबरीनं? न्हाई म्हणायचं हुतं."

लीलाबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी आतल्या दाराकडं बघून हाक मारली, "आवं, जरा हिकडं या."

हवालदार उंबऱ्यातच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ह्या काय म्हणत्यात बघा. तुमी रोपं आणायला पलूसला गेलता?"

सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. कित्येक जणी त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेल्या पुतण्यांच्या बायका, त्यांना बघून डोक्यावर पदर घेणाऱ्या.

"मी? न्हाई. मी कवा गेलतो?" हवालदार म्हणाले.

लीलाबाई बनुबाईकडं वळल्या. मान ताठ होती. "ऐकलंस? जोतिबाची आण घेऊन सांगते, माझा माणूस खोटं बोलायचा न्हाई. जलमभर सरकारची चाकरी केलीय त्यानं. तुझ्या भावाला म्हणावं डोळं तपासून घे."

बनुबाई उठली. वाटी न घेताच गेली. तिच्या मागून आणखी दोघी-तिघी उठल्या. राहिलेल्यांनी घाईघाईनं हळदकुंकू लावून घेतलं, तिळगूळ पदरात बांधला आणि त्याही गेल्या.

हवालदार आत जाऊन कॉटवर बसले. सोप्यातून वाट्या गोळा केल्याचा आवाज येत होता. चुकलेला निशाणा, हुकलेली सलामी, साहेबाची सगळ्यांसमोरची खरडपट्टी, फौजेत हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्यानं मान खाली जायची आणि दुसऱ्या दिवशी वर यायची. आज मान खाली घातली तरी भागत नव्हतं. ते उठून सोप्यात गेले. लीलाबाई एकावर एक वाट्या रचत होत्या.

"लीला," ते म्हणाले, "रोपं मीच आणली. पलूसहून."

लीलाबाईंच्या हातातली वाटी हातातच राहिली. हवालदारांनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. बुटकी उपटली ते, पाऊस लागला ते, फोनवर बोलले ते. माळ्यावरच्या ट्रेंचंही सांगितलं.

"मी म्हणलं माझं डोळं अधू, माझ्या हातनं बी गेलं. तवा तुमी काय म्हणला?" लीलाबाईंनी विचारलं.

"आसंल म्हणलो."

लीलाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रोपं मेली त्याचं मला काय न्हाई. माझ्या हातनंबी मेल्यात. पर म्या जोतिबाची आण घेतली ओ, बायकांम्होरं. आनि तुमी तितंच उभं हुता." वाट्या तशाच टाकून त्या परड्यात निघून गेल्या. हवालदार सोप्यात उभे राहिले. बसावं की जावं हे त्यांना समजेना. शेवटी त्यांनी सतरंजीची घडी घातली.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि आळीत गेले. आधी बनुबाईकडं. ती अंगणात भांडी घासत होती. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत जुळवलं होतं, पण तिच्यासमोर त्यातलं काही सापडलं नाही.

"तुझा भाऊ खरं बोलला," ते म्हणाले. "लीलाला काय म्हाईत न्हवतं. मी खोटं बोललो. तिच्याशी बी, तुमच्याशी बी."

बनुबाई फटकळ, हवालदारांना वाटलं होतं ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलेल. तिनं राखेचे हात तोंडावर नेले. "आगं आई," ती म्हणाली. "सणाच्या दिशी तिच्या दारात बसून म्या तिला काय काय बोलले! आता कुठलं तोंड घेऊन जाऊ तिच्याकडं?" आणि भांडी तशीच टाकून ती घरात गेली. हवालदार अंगणात जरा वेळ थांबले. ती बाहेर आली नाही.

बाकीच्या घरांत निरनिराळं झालं. एका घरी चहा पाजला आणि हसण्यावारी नेलं. एका घरातला म्हातारा म्हणाला, "हवालदार, वांग्यापायी दारोदार हिंडताय व्हय?" एका सुनेनं नुसतं ऐकून घेतलं आणि दार ओढून घेतलं. कुठंही बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. शेवटच्या घरातून निघताना मागं पोरीबाळींची खुसखुस ऐकू आली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

लीलाबाईंची धाकटी बहीण मंगल वाईला असते, घाटापासून जवळच. मागं एकदा तिनं ताईकडून बी नेल्याचं हवालदारांना आठवलं; ते तिनं अजून जपलंय की नाही, हे मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आठवड्यानं ते कुणाला न सांगता एस्टीनं निघाले. कराड, सातारा करत वाईला पोचले. मंगलनं दारातच विचारलं, "दाजी, एकटंच? ताई न्हाई आली?" त्यामुळं तिथंही पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकता ऐकता मंगल हसायला लागली. भरतीच्या पट्टीपाशी तर तिला हसू आवरेना. मग दाजींच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि ती गप झाली. उठून परसात गेली, आणि बियाला म्हणून राखलेलं पिवळंधमक वांगं कापून घेऊन आली. देठाचे काटे टोचू नयेत म्हणून तिनं ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

लीलाबाईंनी ते उघडून बघितलं.

"मंगलला काय सांगितलं?"

"समदं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वांगं घेऊन आत गेल्या.

पुढच्या हंगामात त्या बियाची रोपं झाली. विरळणी लीलाबाईंनी स्वतः केली. आळीतल्या बायका आल्या, बनुबाईही आली. आधी दारातच रेंगाळली, मग लीलाबाईंनीच तिला हाताला धरून आत घेतलं. दोघी त्या दिवशी बोलत बसल्या होत्या. आळीतली पोरं हवालदारांना मागून "वांगी हवालदार" म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्याचं त्यांना फारसं लागत नाही.

लागतं ते वेगळंच. लीलाबाई त्यानंतर एकदाही त्या गोष्टीवरून त्यांना बोलल्या नाहीत. जेवायला वाढतात, गुडघ्याला तेल चोळून देतात, बाजारातून येताना त्यांच्या आवडीची भडंग आणतात. पण संध्याकाळी विचारतात, "मोटार बंद केलीसा?" हवालदार म्हणतात, "केली." लीलाबाई "बरं" म्हणतात, चपला पायात सरकवतात आणि स्टार्टरपर्यंत जाऊन बघून येतात. तसंच गॅसचं, तसंच गोठ्याच्या कडीचं. मुद्दाम करतात असंही नाही. आपण असं करतो हे त्यांना माहीत तरी आहे की नाही कोण जाणे. हवालदार पायरीवर बसलेले असतात. त्या शेजारून जायला लागल्या की ते पाय आवरून घेतात आणि त्यांना वाट देतात.